चेहरे झाका, हिशोब उघडा

महिला आश्रयगृहाचा वर्धापनदिन साजरा करावा का, तर माझं मत आहे जरूर करावा, दणक्यात करावा. पंचवीस-तीस वर्षं अशी संस्था चालू ठेवणं हे खायचं काम नाही. शाळेला निदान पालक असतात, ते फी भरतात, पोरगं पास झालं की पेढे आणतात. इथे येणारी बाई हातात एक पिशवी घेऊन येते, कधी तीही नसते, नुसतं कडेवर पोर असतं, आणि जाते तेव्हा शक्यतो परत फिरून बघत नाही, तिला इथली आठवणच नको असते आणि त्यात चूक काहीच नाही. म्हणजे ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय त्या कौतुक करायला येणार नाहीत हे धरूनच चालायचं. तेव्हा साजरा कराच. माझं भांडण आहे ते आभार कसे मानायचे आणि कुणी कुणाचे मानायचे यावर.

मी अशाच एका संस्थेच्या हिशोबाला हात लावते, पगारी नाही, मार्च जवळ आला की व्हाउचर लावायची, पावत्या जुळवायच्या, ऑडिटरकडे फाइल न्यायची, एवढंच. जिल्ह्याच्या गावातली संस्था आहे, नाव सांगत नाही, का ते पुढे कळेलच. तर त्यांचा मोठा वर्धापनदिन झाला. हॉल घेतला, फ्लेक्स लागला, फ्लेक्सवर सगळ्यात मोठा फोटो ज्यांचा होता त्यांनी संस्थेला काय दिलं ते माझ्या लेजरमध्ये तरी कुठे सापडलं नाही, असो. देणगीदारांना शाल-श्रीफळ झालं, ट्रॉफ्या झाल्या, आणि मग निवेदिकेने सांगितलं की आता आपल्यातल्याच एक ताई मनोगत व्यक्त करतील. ती उठली. अंगावर कार्यक्रमासाठी मिळालेली नवी साडी, घडी तशीच दिसत होती. माइक तोंडापासून लांब धरून ती म्हणाली, ह्यांच्यामुळे मी आज जिवंत आहे, आणि 'ह्यांच्या' म्हणताना तिने पहिल्या रांगेकडे हात केला, त्या रांगेतल्या एकालाही तिने त्या दिवसाआधी पाहिलेलं नव्हतं. जिने रात्री दीड वाजता दार उघडलं, हाताला फडकं बांधलं, पोराला दूध गरम करून दिलं ती मावशी मागे जेवणाच्या ताटल्या मोजत होती. तिला स्टेजवर कुणी बोलावलं नाही, बोलावलं असतं तरी आली नसती म्हणा, पण बोलावलं नाही हे खरं.

हॉलमध्ये टाळ्या पडल्या, काहींच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यातल्याच कुणीतरी तिचा फोटो काढून स्टेटसला ठेवला, खाली हात जोडल्याचा इमोजी. कुणाचाच हेतू वाईट नव्हता. पण स्टेटस एकाने बघितलं, त्याने गावच्या ग्रुपवर टाकलं, आणि चौथ्या दिवशी तिचा दीर आणखी दोघांना घेऊन गेटवर उभा. पोलीस आले, निभावलं, पण तिला दुसऱ्या जिल्ह्यात हलवावं लागलं, पोराची शाळा नुकती कुठे सुरू झाली होती ती सुटली. आणि गंमत बघा, कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली २००६ साली जे नियम झाले त्यात आश्रयगृहांसाठी स्पष्ट लिहिलंय की बाईने सांगितलं असेल तर ती इथे आहे हे गृहाने उघड करायचं नाही, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तर कळवायचंच नाही. म्हणजे हे नियमातलं काम आहे, कुणाच्या संवेदनशीलतेवर सोडलेलं नाही. आता कुणी म्हणेल तिने स्वतःच होकार दिला होता. दिला होता की. पण ज्या ताटात जेवतोय त्याच ताटाच्या मालकाने विचारलं की दोन शब्द बोलशील का, तर नाही म्हणायला किती धाडस लागतं? ते धाडस एवढं हाताशी असतं तर ती घरातच दोन वर्षं आधी नाही म्हणाली असती.

यावर हमखास उत्तर येतं की अहो काहीतरी दाखवल्याशिवाय लोक पैसे देत नाहीत. मला हे उत्तर अर्धवट पटतं, म्हणूनच त्याचा राग येतो. कारण आपल्याच इथे याच्या बरोब्बर उलट करून दाखवलेलं आहे, आणि ते दीडशे वर्षांपूर्वी. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या, दिवस गेलेल्या विधवांनी इथे यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यायचं तर न्यावं, नाहीतर इथे ठेवावं. याची छापील जाहिरात त्यांनी ब्राह्मण वस्तीच्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर डकवली होती, म्हणजे प्रसिद्धीला ते घाबरत होते असं अजिबात नाही, जिथे सगळ्यात जास्त संताप होणार तिथेच नेऊन लावली. पण जाहिरात घराची होती, बायकांची नव्हती. १८८४ मध्ये समाजसुधारक बेहरामजी मलबारींच्या बालविवाह आणि विधवांवरच्या टिपणावर मत देताना जोतीरावांनी लिहिलंय की तोवर ३५ विधवा या घरात आल्या. आकडा दिला, नावांची यादी नाही दिली. मला वाटतं वर्धापनदिनाचा अहवाल कसा असावा याचा याहून चांगला नमुना आपल्याला सापडणार नाही, आणि आपण मात्र त्यांच्या फोटोला हार घालून लगेच पुढच्या मिनिटाला एका बाईला माइक देतो.

देणगीदार आणि संस्था यांच्यातलं नातं किती नाजूक असतं ते बघायचं तर पंडिता रमाबाईंचं शारदा सदन, म्हणजे विधवांना ठेवून घेऊन शिकवणारी त्यांची शाळा, बघा. ११ मार्च १८८९ ला मुंबईत सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्यात आलं. पैसा कुठला, तर बोस्टनचा. १८८७ मध्ये तिथे अमेरिकन रमाबाई असोसिएशन स्थापन झाली होती आणि तिने दहा वर्षं मदत करायचं कबूल केलं होतं. दहा वर्षं! आज कुठली कंपनी दहा वर्षांचं लिहून देते? आपल्याकडे एक वर्षाचा प्रोजेक्ट, त्यातले पहिले चार महिने करार होण्यात जातात. तर बोस्टनचा पैसा आणि इथल्या रानडे-भांडारकरांसारख्या मोठ्या माणसांचं पाठबळ, सगळं जुळून आलं होतं, अट एकच की धर्माच्या बाबतीत संस्था तटस्थ राहील. आणि मग १८९३ मध्ये मुली ख्रिस्ती झालेल्या रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून रान पेटलं, सल्लागार मंडळाने अंग काढून घेतलं, कितीतरी पालकांनी मुली काढून नेल्या. कोण चूक कोण बरोबर यावर पुण्यात अजूनही कट्ट्यावर दोन तट पडतील, माझा मुद्दा तो नाही. माझा मुद्दा असा की भांडण रमाबाई आणि पुरुषांच्या मंडळात झालं, आणि ज्या मुलींना परत नेलं त्यांना कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. मदत करणाऱ्याचा रुसवा निघतो तो असा, खालच्या माणसावर. याच सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, तिच्याशी त्याच १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी लग्न केलं, म्हणजे आपल्या बाया कर्वे, आणि १८९६ मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी स्वतंत्र आश्रम काढला जो पुढे हिंगण्याला गेला.

हिंगण्याच्या संस्थेची एक गोष्ट मला फार आवडते, ती म्हणजे भाऊबीज निधी. दिवाळीत कार्यकर्ते घरोघर जाणार, लोक जमेल तेवढी ओवाळणी घालणार, पावती घेणार, विषय संपला. पुण्यात पिढ्यान् पिढ्या घरांमध्ये हे चाललंय. भावाने बहिणीला घातलेल्या पैशाची कुणी संगमरवरी पाटी लावत नाही, आणि बहीण माइकवरून आभारही मानत नाही. रकमा लहान, पण दरवर्षी येणार म्हणजे येणार, आणि कुणा एकाचा रुसवा झाला म्हणून संस्था आडवी पडणार नाही. मोठ्या देणगीदाराशिवाय मोठं काम होत नाही हे मला मान्य आहे, पण घर ज्याच्यावर चालतं तो पैसा हा असा असावा लागतो.

आता घर कशावर चालतं ते सांगते, कारण देणाऱ्यांना याची खरंच कल्पना नसते. आमच्या हिशोबात एका वर्षी तीन वॉटर कूलर आले, तीन वेगवेगळ्या लोकांकडून, तिघांची नावं वर कोरलेली. दोन खोक्यातच पडून राहिले कारण तेवढी माणसंच नाहीत. त्याच वर्षी रात्रपाळीच्या मावशींचा पगार तीन महिने थकला होता. पंखे मिळतात, सिलिंग फॅनच्या पात्यांवर नाव घालून मिळतात, शिलाई मशीन तर विचारू नका, महाराष्ट्रातल्या प्रत्येक पीडित महिलेने शिवणकामच करावं असं बहुतेक कुठेतरी ठरलंय. वाढदिवसाला एक वेळचं जेवण देणारे खूप, त्यामुळे रविवारी श्रीखंड-पुरी आणि बुधवारी आमटी पातळ. पण समुपदेशकाचा पगार, वकिलाची फी, कोर्टाच्या तारखेला जायला रिक्षाचे पैसे, प्रेग्नंसीच्या सोनोग्राफीचे, पोराच्या ट्रान्सफर सर्टिफिकेटसाठी शाळेत घातलेल्या तीन खेपांचे, दाराच्या कडी-कोयंड्याचे, सीसीटीव्ही बिघडला की दुरुस्तीचे, यासाठी कुणी देत नाही, कारण यावर नाव कुठे घालणार. आणि बाई वाचते ती यावर. कूलरवर कुणी वाचल्याचं माझ्या तरी बघण्यात नाही.

कंपन्यांचंही तेच. २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १३५ आलं, मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर (यालाच सीएसआर म्हणतात) खर्च करायचे, आणि कोणत्या कामावर त्या यादीत महिलांसाठी आणि अनाथांसाठी घरं, वसतिगृहं हे चक्क लिहिलेलं आहे. पण येतो तो पैसा भिंतीला आणि पलंगाला. पगार म्हटलं की कंपनीचा माणूस म्हणतो ते ॲडमिन कॉस्टमध्ये जातं, आमच्याकडे पाच टक्क्यांच्या वर चालत नाही. अरे बाबा, ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर ऑफिसच्या खर्चावर आहे, आश्रयगृहातल्या अधीक्षिकेच्या पगारावर नाही, अधीक्षिका हाच तर कार्यक्रम आहे! हे समजावून सांगता सांगता ते आर्थिक वर्ष संपतं. परदेशी पैशाचा रस्ता परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीने अरुंद झाला, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आणि मोठ्या संस्थेने पैसा घेऊन पुढे लहान संस्थेला द्यायचा हा मार्ग बंदच झाला. जिल्ह्यातल्या छोट्या संस्था कित्येकदा त्याच मार्गावर जगत होत्या. आणि पगारदार माणूस मार्चमध्ये देणगीवर कर वाचवायला ८०जी च्या पावतीसाठी तरी यायचा, नव्या कररचनेत ती सवलतच नाही, तो पण कमी झाला. त्याच्यावर मी चिडत नाही. पण मग वर्धापनदिनाला आभार मानायची रांग कशी लावायची ते बदला, जो पावतीची गरज नसताना दर महिन्याला पाचशे रुपये पाठवतो तो पहिला.

सरकारचे आभार मानायचे का? नाही. हे मी ठामपणे लिहिते. आधीच्या स्वाधार आणि उज्ज्वला या निवाऱ्याच्या सरकारी योजना एकत्र करून २०२२ पासून केंद्राच्या मिशन शक्तीखाली शक्ती सदन झालंय, खर्च केंद्र आणि राज्य ६०:४० वाटून घेतात, सखी वन स्टॉप सेंटर आहेत जिथे तात्पुरते म्हणजे साधारण पाच दिवस राहता येतं. हे असायलाच हवं, हे उपकार नाहीत. आणि अनुदान जे येतं, कुठल्या खात्यातून ते राहू दे, ते वेळेवर आलेलं वर्ष मला आठवत नाही, तोवर किराणावाला उधार देतो. माझं चाललं तर शाल त्या किराणावाल्याला. याउलट सरकारी यंत्रणेत चांगलं काय होऊ शकतं याचं उदाहरणही आपल्याच राज्यात आहे, १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या थेट पोलिसांच्या आवारात बसवल्या, आणि पुढे राज्याने तो कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत नेला. तिथे नवीन वस्तू काय होती? काहीच नाही. टेबल, खुर्ची आणि पगार मिळणारं शिकलेलं माणूस.

आता सगळ्यात अडचणीचा मुद्दा. मी म्हणते बायकांचे चेहरे दाखवू नका, पत्ता मिरवू नका, तर कुणी म्हणेल बंद दाराआड काय चालतं ते कसं कळणार? रास्त प्रश्न आहे. २०१८ मध्ये बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या बालिकागृहाचं प्रकरण बाहेर आलं, संस्था चालवणाऱ्यांनीच मुलींवर अत्याचार केले होते, आणि ते गृह सरकारी पैशावर चालत होतं. पण ते बाहेर कसं आलं ते बघा, टाटा संस्थेच्याच टीमने केलेल्या सोशल ऑडिटमधून. कुणा पाहुण्याने भेट दिली, खाऊ वाटला, फोटो काढला म्हणून नाही. पाहुणा आला की चादरी बदलतात, मुली गाणं म्हणतात, पाहुणा खूश होऊन जातो. शिकलेल्या बाहेरच्या माणसाने मुलींशी एकटीशी बसून बोलायचं, रजिस्टर बघायचं, कोण कधी आलं, कोण कधी गेलं, कुठे गेलं ते जुळवायचं, याने कळतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की चेहरे झाकायचे आणि हिशोब उघडे ठेवायचे, आपल्याकडे होतं नेमकं उलटं, बाईची अख्खी कहाणी स्टेजवर आणि ताळेबंद विश्वस्तांच्या कपाटात. किती बायका आल्या, किती जणी परत त्याच घरी गेल्या (हा आकडा छापायची कुणाची हिंमत होत नाही, पण खरी माहिती यातच असते), कितींना कोर्टाचा आदेश मिळाला, कितींना जागा नाही म्हणून परत पाठवलं, कर्मचाऱ्यांना किती महिने पगार उशिरा झाला. हे छापा. देणगीदाराला रडवायचं असेल तर यानेही रडतो तो.

जागा नाही म्हणून परत पाठवणं, यावर जरा थांबते. लंडनमध्ये चिस्विक भागात १९७१ मध्ये एरिन पिझी यांनी असंच घर सुरू केलं, आजची रिफ्यूज ही संस्था त्याच्यातूनच आली. त्यांचा हट्ट होता की दारात आलेल्या बाईला परत पाठवायचं नाही. पालिकेने घराला ३६ माणसांची मर्यादा घातली होती, तपासणी झाली तेव्हा आत ७५ निघाली. खटला वरपर्यंत गेला, १९७७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने पिझींच्या विरुद्ध निकाल दिला, कायद्याने बरोबरच होतं ते. पिझींची पुढची मतं खूप जणींना पटली नाहीत, मलाही नाही पटत, पण ती ७५ माणसं कुठून तरी आली होतीच ना. आपल्याकडे गर्दी दिसत नाही याचा अर्थ गरज नाही असा काढू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या बायकांपैकी नवऱ्याची हिंसा सोसलेल्या देशात २९.३ टक्के, महाराष्ट्रात २५.२. आणि देशात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितलेल्या फक्त १४ टक्के. म्हणून प्रमुख पाहुणे जेव्हा म्हणतात की अशा संस्थांची गरजच पडू नये आणि ही संस्था लवकरात लवकर बंद व्हावी हीच सदिच्छा, तेव्हा मला कपाळावर हात मारावासा वाटतो. लग्न झालेल्या दर चौथ्या बाईने हिंसा सोसलीय आणि सदिच्छा काय, तर दार बंद व्हावं!

अर्थात बाईनेच का घर सोडायचं हा प्रश्न आहेच आणि कायद्याने त्याचं उत्तर दिलेलं आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या त्याच २००५ च्या कायद्यात तिला राहत्या घरात राहायचा हक्क आहे, कोर्ट नवऱ्याला बाहेर जायला सांगू शकतं, आणि २०२० मध्ये सतीशचंद्र आहुजा खटल्यात सुप्रीम कोर्टाने हेही स्पष्ट केलं की घर सासऱ्याच्या नावावर आहे एवढ्यावर तिचा हक्क उडत नाही. पण अर्ज केल्यापासून आदेश हातात पडेपर्यंत ती राहणार कुठे? माहेरचे म्हणतात दोन दिवस राहा. त्या मधल्या काळासाठी हे घर लागतं, आणि त्यातही मुलगा ठराविक वयाच्या वरचा असला की त्याला सोबत ठेवता येत नाही, वेगळ्या मुलांच्या गृहात जावं लागतं, आणि एवढ्या एका गोष्टीवरून उंबऱ्यावरून परत गेलेल्या बाया मावशींनी बघितल्यात. देणगीदारांनो, कूलरऐवजी याला पैसे द्या, गावात भाड्याने दोन खोल्या घेऊन अशा माय-लेकरांना ठेवता येतं, अधीक्षिका रोज जाऊन बघून येईल.

एक अवांतर. त्या कार्यक्रमात कुणीतरी हौसेने सुचवलं होतं की सगळ्या भगिनींची ओटी भरूया. मग प्रश्न आला की सवाष्ण कोण. नवऱ्याने हात मोडलेली चालते, नवरा वारलेली कोपऱ्यातली आजी चालत नाही. अधीक्षिकेने तिथल्या तिथे तो प्रकार थांबवला म्हणून बरं.

यंदाच्या मीटिंगमध्ये मी लिहूनच दिलं: मनोगत बंद, हॉलच्या दारात मोबाइल जमा, राहणाऱ्या बायकांनी यायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं आणि आल्या तर पाहुण्यांसारखं बसायचं, ताळेबंद एका पानावर छापून प्रत्येक खुर्चीवर, आणि सत्कार कर्मचाऱ्यांचा, देणगीदारांच्या हस्ते, थकलेल्या पगारासकट. एक विश्वस्त म्हणाले, मॅडम मग लोक येतील का? मी म्हटलं येतील तेवढे येतील, जेवणाचा खर्च कमी होईल. ते हसले, पण मोबाइल जमा करायचं मात्र पहिल्या झटक्यात मान्य झालं, बाकीचं पुढच्या बैठकीत घेऊ म्हणालेत.